वस्तादांची बारीक हत्यारं

डेपोत त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. उभी हयात बसची इंजिनं खोलण्यात आणि परत बसवण्यात गेलेली. पंजा एवढा की चहाचा कप त्यात भातुकलीतला वाटायचा. गाडी फाटकातून आत शिरली की नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे. घरी मात्र त्या हातांना काम उरलं नव्हतं. नळांचे वायसर बदलून झाले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, शेजाऱ्यांच्या पंख्यांची कुरकुर थांबवून झाली. शेवटी अशी वेळ आली की माणसं पाहुण्यांची वाट बघतात, तशी वस्ताद बिघाडाची वाट बघू लागले.

बिघाड घरात आणला तो सुनेने.

सून शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी सकाळी समुद्राच्या धक्क्यावर गळ टाकायला जायची. लग्न ठरतानाच तिने हे स्पष्ट सांगितलं होतं. सासूबाईंना वाटलं, नव्याचे नऊ दिवस, जाईल आपोआप. पण गेलं नाही. उलट गळाने मासे धरायच्या स्पर्धांसाठी शहराच्या महिला संघात तिची निवड झाली. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी असायचा, त्यामुळे या निवडीचं कौतुक करण्याची सगळी जबाबदारी वस्तादांवर येऊन पडली आणि त्यांनी ती मनापासून पार पाडली. अडचण एवढीच व्हायची की कट्ट्यावर ते 'आमच्या सुनेचं रीळ' असं म्हणाले की समोरचा खिशातून मोबाइल काढून म्हणायचा, दाखवा बघू व्हिडिओ. मग गळाची दोरी गुंडाळणारं रीळ वेगळं आणि मोबाइलमधलं वेगळं, इथून सुरुवात करावी लागायची.

तर त्या रविवारी सून आली ती तोंड पाडूनच. रिळाची दांडी फिरवली की आतून वाळू दळल्यासारखा आवाज येत होता. स्पर्धा तोंडावर आलेली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं की महिनाभर तरी हात रिकामा नाही. आता मैत्रिणीचं जुनं रीळ मागून घेते, असं ती सासूबाईंना सांगत होती.

वस्तादांनी पेपर खाली ठेवला.

"या घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर जाणार?" ते म्हणाले. "आण इकडे."

सून क्षणभर घुटमळली, पण तिने रीळ त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर वस्तादांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढून काढली. त्यातला सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हरही त्या रिळाच्या स्क्रूपुढे पहारीसारखा दिसत होता. शहाण्या माणसाने इथेच थांबायचं. पण ज्याने आयुष्यभर इंजिनं खोलली तो मुठीत मावणाऱ्या यंत्रापुढे थांबतो कसला? त्यांनी पातं एका कोपऱ्यावर टेकवलं आणि जोर दिला. पातं सटकलं. स्क्रूची खाच चघळल्यासारखी झाली आणि रिळाच्या गुळगुळीत काळ्या अंगावर एक लांबलचक पांढरा ओरखडा उमटला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सुई-दोऱ्याच्या कामाला कुऱ्हाड कशाला?"

वस्तादांनी लोखंडी पेटी परत पलंगाखाली ढकलली. संध्याकाळी सून आली, तेव्हा त्यांनी रीळ तिच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ओरखड्यावरून बोट फिरवून तिने विचारलं, बाबा, हाताला तर लागलं नाही ना? ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हत्यारं घ्यायला निघाले. खिशात एका काडेपेटीत तो कसाबसा सुटलेला खराब स्क्रू, सुरीच्या टोकाने जपून काढलेला त्याच्या जोडीचा एक शाबूत स्क्रू आणि दांडीचा नट होता. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात त्यांनी काय हवं ते सांगितलं, तसं दुकानदाराने एक चकचकीत पेटी पुढे सरकवली. आत मखमलीवर ओळीने मांडलेली इवली इवली हत्यारं. घरच्या घरी रीळ सर्व्हिस करायला लागतं ते सगळं यात आहे, असं दुकानदाराचं म्हणणं. वस्तादांनी त्यातला एक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पातं शाबूत स्क्रूच्या खाचेत धरून उजेडाकडे बघितलं. टोकाला निमुळतं होत गेलेलं पातं खाचेच्या तळापर्यंत पोचतच नव्हतं, वरच्या कडांवर टेकून राहत होतं. काल घरातही पातं असंच खाचेत न बसता वर टेकलं होतं, म्हणून तर सटकलं.

त्यांनी पेटी मिटून परत दिली आणि सुटे स्क्रूड्रायव्हर दाखवायला सांगितले. मग गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी एकेक लावून पाहायला सुरुवात केली. खाच लांबीत भरली पाहिजे, जाडीत भरली पाहिजे, आणि हात सोडला तरी पातं स्क्रूत उभं राहिलं पाहिजे. बराच वेळ गेला. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच गंमत वाटू लागली आणि तो आतून आणखी एक डबा घेऊन आला. शेवटी दोन चपटे आणि एक फुलीचा असे तीन निवडले गेले. दांडीच्या नटाला बसणारा एक छोटा पाना घेतला. तो नटावर चढवून हलवून पाहिला, आणि किंचितही खेळला नाही तेव्हाच बाजूला ठेवला. चिमटा घेतला तो बोथट टोकाचा. सुईसारख्या नळीची पातळ तेलाची बाटली आणि घट्ट ग्रीसची डबी घेतली. गंज काढायचा फवारा मात्र नको म्हणाले, कारण तो घाणीबरोबर आतलं चांगलं ग्रीसही धुऊन नेतो.

दुकानदाराने विचारलं की बारीक पकड कशी नाही घेतली, ती तर सगळेच घेतात.

"मी स्वतःला ओळखतो," वस्ताद म्हणाले. "पकड दिसली की माझा हात तिकडेच जातो. आणि हात तिकडे गेला की जोर आलाच."

दुकानदार हसला. त्याने मोडीत निघालेल्या रिळांच्या डब्यातून तसाच एक स्क्रू शोधून त्यांच्या काडेपेटीत टाकला.

बाकीची हत्यारं घरातच सापडली. पांढरी जुनी चादर टेबलावर पसरली, म्हणजे पडलेला तुकडा दिसेल. दातांचा मऊ ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, आणि काढलेले भाग क्रमाने ठेवायला बर्फाचा ट्रे. या ट्रेवरून घरात थोडी चकमक झाली, पण सासूबाईंनी शेवटी तो दिला. टाचण्या उचलायचं शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबकही त्यांनीच आणून ठेवलं.

या वेळी उरलेला प्रत्येक स्क्रू असा फिरला की जणू वाटच बघत होता. झाकण निघालं. आत काळपट पडलेलं ग्रीस, मिठाचे कण, बारीक वाळू. प्रत्येक भाग ट्रेच्या एकेका खणात जात होता. मग आली एक स्प्रिंगची कडी, पापणीच्या केसाएवढी. वस्तादांनी चष्मा वर केला, खाली केला, खिडकीकडे सरकले. कडी काही चिमट्यात येईना. भिंग वापरायला त्यांनी आजवर साफ नकार दिला होता, भिंग म्हाताऱ्यांचं. सासूबाईंनी ते आणून समोर ठेवलं. वस्तादांनी ते घेतलं. कडी दिसली, पण त्यांच्या जाड बोटांना ती धरताच येईना.

"सरका," सासूबाई म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवावा तशी त्यांनी ती कडी एका दमात काढली.

त्यानंतर दोघंही टेबलाशी बसले. ते सांगत गेले, त्या करत गेल्या. मध्येच त्या सांगू लागल्या आणि ते करू लागले. दात असलेल्या चाकांना नवं ग्रीस लागलं, बेअरिंगला तेलाचा थेंब लागला. जेवणाच्या वेळेपर्यंत रीळ जोडून झालं, आणि ट्रेमध्ये काही उरलं नाही, हेच मोठं. दांडी फिरवली तर आवाज नाही. सून घरी आल्यावर तिने कान लावून पाहिलं आणि सासूबाईंच्या गळ्यात हात टाकला. वस्ताद त्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीपेक्षा लवकर गेले.

पण ताठ मान फार दिवस टिकली नाही. सरावाला गेलेली सून परत आली आणि हळूच म्हणाली की दोरी ताणली गेली की दांडी उलटी फिरते. सगळ्या संघासमोर ती तिच्या बोटांवर सटासट आपटली होती. बोटं लाल झालेली वस्तादांना दिसत होती. सून म्हणत राहिली की काही हरकत नाही, मैत्रिणीचं रीळ आहेच.

वस्ताद बाल्कनीत जाऊन बसले. खाली रस्त्यावर एक गाडी चढावर थांबली, हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, आणि ते खुर्चीतून उठलेच. दांडी उलटी फिरू नये म्हणून आत एक गोल कडी होती, बारीक रुळांची, म्हणजे काडीएवढ्या लोखंडी लाटण्यांची. तिचं काम पकडून धरण्याचं. आणि त्यांनी मायेपोटी तिच्यात ग्रीस ठासून भरलं होतं. ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीस लावणाऱ्या पोराला डेपोत त्यांनी अख्खा दिवस फैलावर घेतलं असतं.

"अहो, या जरा," त्यांनी हाक मारली. "आपणच चुकलोय."

पुन्हा चादर पसरली, पुन्हा ट्रे आला. कडी काढली, रूळ एकेक करून पुसले, कोरडे केले. मग सुईच्या नळीने पातळ तेलाचा एक थेंब, तोही अर्धा पुसून टाकला. सुनेला समोर बसवून वस्तादांनी दांडी तिच्याच हातात दिली आणि सांगितलं, उलटी फिरवून बघ, लागेल तेवढा जोर लाव. तिने लावला. दांडी जागची हलली नाही.

"हेच घेऊन जाते," सून म्हणाली. "दुसरं नको."

स्पर्धेच्या दिवशी दोघंही धक्क्यावर गेले. वस्तादांना पाण्याकडे बघून गरगरायचं, म्हणून इतकी वर्षं ते कधी आले नव्हते. आज ते कठड्याला पाठ लावून, सुनेच्या हाताकडे तोंड करून उभे राहिले. सकाळ गेली ती लहानसहान माशांतच. मग अचानक सुनेची काठी वाकली, इतकी की शेजारच्या बाया आपापले गळ गुंडाळून बाजूला झाल्या. मासा खोल पाण्याकडे पळत होता. दोरी सुटत होती, आणि रीळ एकसारखं, न अडखळता गुणगुणत होतं. सासूबाईंनी वस्तादांचं मनगट धरलं. वस्तादांना मासा दिसत नव्हता, पण आवाज ऐकू येत होता, आणि आवाजात कुठेही खोट नव्हती. मासा थांबला की सून दांडी फिरवायची, दांडी जिथे थांबेल तिथेच राहायची, एक केसभरही मागे जात नव्हती. ओढाताण अशी बराच वेळ चालली. सून कोणालाही मदतीला बोलावत नव्हती.

शेवटी जाळीत आला तो मासा तिच्या हाताहून लांब होता. पंचांनी तो ओल्या पट्टीवर मापला आणि परत पाण्यात सोडला. दिवसभरात त्याहून लांब मासा कोणालाच मिळाला नाही.

सून बक्षीस घेऊन आली तेव्हा संघाच्या कप्तानबाईंनी तिला विचारलं की परवापर्यंत उलटं फिरणारं रीळ एवढं कसं सुधारलं, कोणाकडे दिलं होतंस? सुनेने मागे वळून दोघांकडे बोट केलं.

"कोणाकडे नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्या घरी माझे सासू-सासरे करतात."

वस्तादांनी एकदम समुद्राकडे तोंड फिरवलं. गरगरलं, पण त्या वेळी पाण्याकडे बघणंच बरं होतं.

घरी परतताना सून काठी घेऊन पुढे, सासूबाई करंडक घेऊन तिच्या शेजारी, आणि रीळ वस्तादांच्या हातात. सिग्नलला एक बस त्यांच्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हर डेपोतला जुना ओळखीचा. त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय वस्ताद, म्हातारपणी मासे धरायला लागलात की काय?"

"मी नाही. ती बघ, ती माझी सून," वस्ताद म्हणाले. "मी तिचा मेकॅनिक." मग थांबून त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आणि मोठा मेकॅनिक ही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण ड्रायव्हरने आधी सुनेला हात जोडले आणि मगच गिअर टाकला. बस पुढे गेली तसं वस्तादांनी डोकं जरा तिरकं केलं, नीट ऐकलं, आणि चालता चालता सुनेला सांगितलं की या गाडीचा क्लच आठवडाभरात जाणार.