भावंड असल्यास

गोटीला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न आमच्याकडे शिक्षणाचा नव्हताच. ज्या शाळेत तिचा नंबर लागेल, त्या शाळेजवळच्या घरात ती राहणार, असं जावयाशी ठरलं होतं. एक शाळा आमच्या घरामागे. दुसरी पुलापलीकडे, त्याच्या घराजवळ.

आमची मुलगी गेली तेव्हा गोटी रांगत होती. तेव्हापासून ती आमच्याकडे, आणि सुट्टीच्या दिवशी बापाकडे. गेल्या वर्षी जावयानं दुसरं लग्न केलं. तेही आम्हाला विचारून. नवी बायको आम्हाला आई-बाबाच म्हणते. समोरच्याला रागवायला थोडी तरी जागा ठेवावी, एवढंही सौजन्य या माणसाकडे नाही.

"गोटी माझ्याजवळ राहिली तर बरं होईल, बाबा," तो म्हणाला.

"राहू दे की," मी म्हणालो. "नंबर लागला तर."

हा मोठेपणा फुकटचा होता. जवळ राहणाऱ्या मुलांना आधी जागा, उरल्या तर चिठ्ठ्या, एवढं मी चौकशी करून आलो होतो. पुलापलीकडच्या शाळेत जागा उरायचं काही नाव नव्हतं, आणि कागदोपत्री गोटीचा पत्ता आमचा, पालकही मीच. म्हणून पहिली पसंती तीच शाळा टाकू, असं मीच सुचवलं. जावयाला भरून आलं. तो गेल्यावर हिनं विचारलं, "एवढे संत कधीपासून झालात?"

"नियम कळल्यापासून."

"नियम कळून कुणी संत होत नाही. तुमचं काहीतरी ऐकायचं राहिलं असेल."

पुलापलीकडची शाळा बघायच्या दिवशी जावई, गोटी आणि मी असे तिघं गेलो. मी मनात नाक मुरडूनच आत शिरलो. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले, त्यामुळे शाळा मी कपड्यांवरून ओळखतो. ज्या शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या वर्षभर कोऱ्या राहतात, तिथे पोरांना बसवून ठेवतात. इथे एकाचीही धड नव्हती. एकाच्या कोपराला तर बाहीच उरली नव्हती. बाई उकिडव्या बसून एका रडक्या पोराशी बोलत होत्या, आणि तो रडणं सोडून त्यांना काहीतरी समजावत होता. मुतारीला वास येत असेल म्हणून मुद्दाम तिकडे जाऊन आलो. वास येत नव्हता. माझा दिवसच वाईट होता.

प्रवेशाच्या टेबलाशी एक कारकून बाई बसल्या होत्या. त्यांनी पत्ता बघितला आणि मान हलवली. "लांब पडतं हो, आजोबा. अवघड आहे."

"असं का," मी शक्य तितक्या दुःखानं म्हणालो.

"भावंड आहे का कुणी आमच्याकडे? भावंड असलं तर अंतर बघत नाही आम्ही. पहिला नंबर त्यांचाच."

हे माझं ऐकायचं राहिलं होतं.

"एकटीच आहे," मी म्हणालो.

"आहे की," गोटी म्हणाली. "दादा आहे. तिसरीत."

नव्या बायकोचा मुलगा. जावई बुटांकडे बघत होता. तो बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

"तो सख्खा नाही," मी बाईंना हळूच म्हणालो.

"आमच्यात सख्खं-सावत्र नसतं. एका घरात राहतात का, एवढंच."

"सुट्टीला राहतो आम्ही," गोटीनं सांगितलं. "माझ्याशेजारी झोपतो. घोरतो. मी नाक धरलं की थांबतो."

बाई हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "पालक तुम्ही ना? मग तुमच्या तोंडून पाहिजे. भावंड म्हणून लिहू का?"

नाही म्हणायला एकच शब्द लागत होता. गोटी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती. तिच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दादा होता तर होता.

"लिहा," मी म्हणालो.

"मग झालंच समजा. नशीबवान आहात."

"हो, दिसतंय," मी म्हणालो.

परतताना पुलावर जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी..."

"गाड्यांकडे बघून चाल," मी म्हणालो.

गोटी आम्हा दोघांचे हात धरून मधे चालत होती. मग तिनं विचारलं, "आजोबा, शाळा सुटल्यावर तुम्ही कुणाला आणायला जाल?"

"आपल्या मागच्या शाळेत जाईन. एखादं पोर उरलं तर घेऊन येईन."

"उरत नाही कुणी," ती म्हणाली. "सगळ्यांना कुणीतरी येतं न्यायला."

घरी हिनं दार उघडलं. गोटी सरळ चपलांसकट आत पळाली. हिनं तिला टोकलं नाही. माझ्या तोंडाकडेच बघत राहिली.

"कशी आहे शाळा?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "फारच चांगली आहे."

ही स्वयंपाकघरात गेली. धुवायला एकच पेला होता, पण नळ बराच वेळ चालू राहिला.