पांढरे दोन वाडगे

कचेरीमागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भस्मेबाबाने निखाऱ्यांवरचा पांढराशुभ्र वाडगा चिमट्याने उचलून थंड पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला. तडा मात्र नाही.

"वहिनी शुद्ध!" बाबा गरजला. "पाप्याचा हात लागला की या वाडग्याचं काळीज फुटतं!"

वाडग्याला हात लावलेल्या वहिनी म्हणजे हेडक्लार्क रघुनाथरावांच्या पत्नी. त्यांचा मुलगा दहा दिवस तापाने फणफणत होता. दवाखाना दोन फर्लांगांवर. पण या बी.ए. झालेल्या गृहस्थांनी बाबा आणला. पोराला बाधा केली म्हणून बाबाने नाव घेतलं, मी शिकवते त्या शाळेत पाणी भरणाऱ्या शोभाचं. तिच्या हाताखाली वाडगा फुटला तर ती भुताळी, चेटकीण. आजच सिल्वासा गाव सोडायचं.

"हात ठेव," रघुनाथराव म्हणाले. "खरी असशील तर भितेस कशाला?"

"भीत नाय, साहेब. तुमच्या पोराला कडेवर घेऊन मीच फिरवलाय."

बाबाने झोळीतून तसाच दुसरा वाडगा काढला. पहिला तर पाण्यातच होता! मी पुढे होऊन दोन्ही उचलले, उन्हात धरले. पहिल्यातून काहीच दिसेना. दुसऱ्यातून माझ्या बोटांच्या सावल्या स्पष्ट दिसल्या.

"बाई, दैवी वस्तू बाटवू नका!" बाबा खेकसला.

"मग तुम्हीच हात ठेवा."

"ठेवा की बाबा! खरे असाल तर भिता कशाला?" पोस्टमन दत्तात्रय ओरडला आणि त्याने बाबाचा पंजा धरून दुसऱ्या वाडग्यावर दाबला. निखारे, मग पाणी. खळकन दोन तुकडे.

"बाईंचा हात लागला म्हणून!"

"माझा हात दोन्हींना लागला होता," मी म्हटलं आणि पहिला वाडगा पुन्हा तापवून पाण्यात बुडवला. तडा नाही.

दुसरा वाडगा साधी दुधी काच होती: काचेत थोडेसे बारीक स्फटिक विखुरलेले, तेवढ्याने ती पांढरी दिसते, पण मजबूत होत नाही. पहिला परदेशी. काच पुन्हा भट्टीत तापवून त्यात अंगभर स्फटिक वाढवलेले, एकमेकांत घट्ट गुंतलेले. त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, म्हणून आरपार दिसत नाही. चीरही तिथेच अडते. शिवाय तापल्यावर तो जवळजवळ फुगतच नाही, म्हणून अचानक गार केला तरी तडकत नाही.

लोक बाबावर धावले. शोभा हलली नाही.

"बाई, वाडगा एकच असता नि माझ्या हाताखाली फुटला असता, तर?"

 मी रघुनाथरावांकडे वळले.

"रघुनाथराव, मुलाला आधी दवाखान्यात न्या. मग परत या आणि हिची माफी मागा, इथेच, सगळ्यांसमोर. भांडं का फुटलं हे विचारायला बी.ए. व्हावं लागत नाही. विचारायचं असतं, एवढंच. तुम्ही विचारलं नाहीत आणि एका बाईला गावाबाहेर काढायला निघालात."

त्यांनी मान खाली घातली. मला ती मान नको होती. शोभाच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.