अर्धा पीळ

दुसऱ्यांदा तडा गेला तो शनिवारी सकाळी, आणि या वेळी तो तिच्याच हातून गेला.

आवाज अगदी बारीक झाला, टक्. शेवटचा स्क्रू बसला होता. थांबायचं सोडून तिच्या मनगटाने सवयीने आणखी जरा जोर दिला, आणि तिने इतकं जपून सांधलेलं बाबांच्या बंदुकीचं काळं प्लॅस्टिक मुठीच्या वरपासून कडेपर्यंत पुन्हा उकललं.

"गेलं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"गेलं."

"बघ," आई म्हणाली. पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

बंदूक खरी नव्हती. बॅटरीवर चालणारी, प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे उडवणारी एअरसॉफ्टची बंदूक होती. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि घरात सारख्या येरझारा घालू लागले, तेव्हा त्यांच्या चष्मेवाल्याने त्यांना एका रविवारी सोबत नेलं होतं. बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्याच्या आवारात पोटं सुटलेली दहा-बारा माणसं चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून भिंतीआडून एकमेकांवर छर्रे मारत. चष्मेवाला तिथे कप्तान होता. आई या प्रकाराला बाप्यांची भातुकली म्हणायची, आणि सोमवारी केर काढताना सोफ्याखालून छर्रे निघाले की दिवसभर धुसफुसायची. आई त्या मैदानावर कधी फिरकली नाही.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. त्या गटाची एक रीत होती. कुणी कायमचा गेला की त्यानंतरच्या खेळाची पहिली फेरी कप्तान त्याच्या बंदुकीने खेळायचा. खेळ उद्या होता. कप्तानाने फोनवर फार हळुवारपणे सांगितलं होतं की नाहीच चालली तर नुसती हातात घेऊन जाईन, तेवढंही पुरे. ते ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. बाबांची वस्तू नुसती मिरवायला? चालती करून देते, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं.

आता ती चालती वस्तू टेबलावर दोन फाकांत पडली होती.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. तो दुसऱ्या गावी राहायचा, आणि तिथे बसून त्याला इथलं सगळं स्पष्ट दिसायचं.

"तायडे, तुला पहिल्याच दिवशी सांगितलं की नाही? बाहेरचं कवच नवं मिळतं. कप्तानाच्या ओळखीच्या दुकानात आहे, आजच्या आज आणून बसव. कशाला जीव काढतेस?"

"आतली मोटर कुणाचीही असते," ती म्हणाली. "कवच त्यांचं आहे."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. मागच्या दांड्यावर जिथे बाबा गाल टेकवत, तिथे प्लॅस्टिकचा खरखरीतपणा जाऊन एक गुळगुळीत, चकचकीत डाग झाला होता. त्यांच्या दाढीच्या खुंटांनी तिथे बारीक ओरखडेही उठवले होते. नवं कवच बसवायचं म्हणजे हे कचऱ्यात टाकायचं. फोनवर ह्या गोष्टी उच्चारल्या की धाकटा गप्प होतो, आणि मग आपल्यालाच त्याची समजूत काढावी लागते. त्यापेक्षा तिने मांजर वर चढलंय असं काहीतरी सांगून फोन ठेवला. घरात मांजर नव्हतं.

ती परत कामाला बसली. वाचनालयात फाटक्या पुस्तकांचे कणे सांधण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. घाई केली की डिंक सूड उगवतो हे तिला ठाऊक होतं. पण इथे तिच्या आधी बाबांनी हात चालवलेला होता. मुळातला तडा त्यांनीच पाडला होता, आणि घरात कुणालाही पत्ता लागू न देता त्याच्यावर एकामागून एक डिंक थापले होते. एक पांढरा पडून भुगा झालेला, एक पिवळा, त्यावर भिंतीला भरतात त्या लांबीसारखं काहीतरी, आणि वरून काळी चिकटपट्टी. पहिल्या खेपेला ते सगळं खरवडताना ती मेलेल्या माणसावर चक्क ओरडली होती. निदान एक डिंक तरी नीट वाळू द्यायचा होता, बाबा.

तडा का गेला, हे विचारायचं कारणच नव्हतं. सगळी हयात बाबांनी लोखंडी नळ जोडले. सांध्यातून थेंब गळला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. लोखंडाचा तो हात घेऊन ते घरी यायचे आणि त्याच हाताने बरण्या, नळ, चष्म्याच्या काड्या, सगळं आवळायचे. त्यांनी बंद केलेली बरणी उघडायला शेजारून कुणाला तरी बोलवावं लागे. ती लहान असताना तिची सायकल दुरुस्त करता करता त्यांनी तिला शिकवलं होतं, की लागलं असं वाटलं की थांबायचं नाही, वर अर्धा पीळ द्यायचा. अक्षरं गिरवावीत तसा तो अर्धा पीळ तिने गिरवला होता. आज तोच नडला.

तिने भेगेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळणार नाही. कडा तासून खाच केली. कवचाच्या आतल्या, न दिसणाऱ्या उंचवट्यांवरून थोडं प्लॅस्टिक खरवडून ॲसिटोनमध्ये विरघळवलं, आणि तो काळा लगदा काडीने खाचेत भरला. कपड्यांचे चिमटे लावले. सगळ्या घराला नेलपॉलिश पुसल्याचा वास सुटला. आईने खिडक्या उघडल्या आणि तव्यावर उलथनं आपटलं.

रविवारी सकाळी सांधा कडक झाला होता. कानशीने घासल्यावर काळ्यात काळी एक रेघ तेवढी उरली. मोटर, गिअरचा डबा, तारा, सगळं तिने आत बसवलं, दोन्ही फाका मिटवल्या आणि स्क्रू घालायला घेतले. पहिला गेला. दुसरा लागत आला, आणि तिचं मनगट ताठ झालं. तिला ते कळत होतं, तरी थांबवता येत नव्हतं. तिने पेचकस टेबलावर टाकून दिला.

"काय झालं?" आई हात पुसत दाराशी आली.

"मला जमत नाहीये. मी परत तोडणार हे."

"तुला कसं जमेल? हात बापाचा." आई खुर्ची ओढून बसली. "सरक. कुठे लावायचेत?"

"आई, हे नाजूक—"

"मला कळतं नाजूक काय ते. ह्यांनी मला आयुष्यात कधी काही बंद करू दिलं नाही. मी लावलेलं झाकण दिसलं की परत आवळायचे. जणू माझ्या हातचं काही टिकणारच नव्हतं." तिने पेचकस तीन बोटांत, सुई धरावी तसा धरला आणि हळूच फिरवला. स्क्रू अडला तिथे तीही थांबली.

"जरासा अजून," मुलगी म्हणाली.

"नाही."

"हलेल तो."

"हलू दे. हलणाऱ्याला काही होत नाही."

उरलेले सगळे तिने तसेच लावले. मग बॅटरी जोडून मुलीने सोफ्याच्या उशीवर नेम धरला. टर्र करून छर्रे सुटले. सांधा जिथल्या तिथे राहिला. उशीवरून घरंगळलेले छर्रे सोफ्याखाली गेले, आणि आईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे काणाडोळा केला. ती आत गेली, बाहेर आली ती चपला घालूनच.

"तू कुठे?"

"त्या चष्मेवाल्याच्या हाताचा काय भरवसा. मी येते."

कारखान्याच्या आवारात सगळी बाप्ये मंडळी त्यांना बघून उगाच सरळ उभी राहिली. कप्तानाने बंदूक दोन्ही हातांनी घेतली, उलटी-सुलटी केली, मुठीजवळ अंगठा दाबला.

"वहिनी, हा स्क्रू जरा सैल वाटतोय," असं म्हणत त्याने खिशातून पेचकस काढला.

"तो तसाच राहणार आहे," आई म्हणाली.

त्याने पेचकस परत खिशात ठेवला. बंदूक उचलून गाल त्या चकचकीत डागावर टेकवला आणि भिंतीआड गेला. बाकीचे पांगले. शिट्टी झाली. मायलेकी पत्र्याच्या शेडखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. तिथून कुणी दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते.

टर्र.

"ही आपली?" आईने विचारलं.

"हो."

पुन्हा टर्र, थोडी लांबून.

"ही?"

"ही दुसऱ्याची. आपली जरा घोगरी आहे."

आई मान वाकडी करून ऐकत राहिली. पुन्हा आवाज आला, तिने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. प्रत्येक आवाजाला विचारत राहिली. मुलगी मेटाकुटीला आली. स्वतःला कळत नाही का गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. भिंतीपलीकडे ती घोगरी मोटर परत सुरू झाली.

"आपलीच," तिने आईने विचारायच्या आधीच सांगितलं.