भिंतीतला राखणदार

अनुजाने बेस गिटारची मान कपाटाच्या दाराला टेकवली, हनुवटी गिटारच्या कडेवर ठेवली आणि सगळ्यात जाड तार हलकेच छेडली. कपाट घुमलं. आतले हँगर एकमेकांना लागले, वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा किंचित थरथरला आणि तो सूर सावकाश लाकडात विरत गेला. कानांपेक्षा हाडांनाच आधी कळावा असा सूर होता तो. डोळे मिटले की अनुजाला आपण खोल पाण्यात उतरतोय असं वाटे.

कपाट हाच तिचा अँप्लिफायर होता. गिटार नवशिक्यांसाठीची, बाजारातली सगळ्यात स्वस्त, आणि तीही कुणीतरी कंटाळून विकलेली. चार तारा बघून चाळीतल्या जगदीशने विचारलं होतं, "बाकीच्या दोन उंदरांनी खाल्ल्या काय गं?" खरा अँप्लिफायर लावला असता तर काळाचौकीच्या त्या चाळीतला अख्खा मजला दारात गोळा झाला असता, आणि तो न लावता गिटारमधून नुसती टकटक निघे. एका संध्याकाळी वैतागून ती गिटार कपाटाला टेकवून उठायला गेली. तारेला चुकून हात लागला, आणि आजोबांनी रे रोडच्या वखारीतून लाकूड आणून बनवून घेतलेलं ते कपाट बोललं. तेव्हापासून लालबागच्या चष्म्याच्या दुकानातून घरी आली की चहाच्याही आधी ती कपाटाशी बसायची.

कपाटाच्या पाठीला लागून फळ्यांची भिंत होती आणि भिंतीपलीकडे जाईबाई. वयाने त्यांचे कान पार गेले होते. दूध उतू गेलेलं त्यांना वासाने कळे, पण कुकरच्या शिट्ट्या नाहीत की दाराची कडी नाही. असा शेजार नवसानेही मिळत नाही. त्या भरवशावर अनुजा पोटभर चुकायची. एका उतरत्या ओळीत, तिसऱ्या तारेवरून चौथीवर येताना तिचं बोट हमखास अडखळायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि पुन्हा तिथेच अडखळायची. कुणी ऐकतंय म्हटलं की मात्र तिचे हात गार पडत. अजून तिने कुणासमोर एक सूरही वाजवला नव्हता.

आज ते सगळं संपणार होतं. चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती आणि सगळ्यांना शिवडीला तात्पुरत्या खोल्या मिळाल्या होत्या. तिथल्या भिंती सिमेंटच्या. कपाट तिथल्या दारातून आत जाणार नव्हतं, म्हणून आईने ते जुन्या फर्निचरवाल्याला देऊन टाकलं होतं. उद्या तो ते न्यायला येणार होता. कपाट नाही तर गिटार तरी कशाला, असं म्हणून अनुजाने ती विकायला काढली. म्हणताना सोपं वाटलं होतं. आता मात्र तिला गिटार खाली ठेववत नव्हती.

दारावर टकटक झाली. गिटार बघायला बुद्धभूषण आला होता. वरळीच्या बीडीडी चाळीत लहानाचा मोठा झालेला, आता तिथल्याच नव्या टॉवरमध्ये राहणारा. त्याच्याकडेही अशीच गिटार होती, याच रंगाची. ही त्याला बहिणीसाठी हवी होती. त्याने ती हातात घेतली आणि एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर फिरवली.

"वाकलीय थोडी."

"हो. पावसाळ्यात चौथी तार कुरकुरते."

"माझी उन्हाळ्यात. पट्ट्याचा स्क्रू सैल होतो का?"

"काडेपेटीची काडी घातलीय भोकात."

"मी अगरबत्तीची घातलीय!" तो मोकळेपणाने हसला. "मस्त ठेवलीय पण तुम्ही. वाजवून दाखवा ना काहीतरी."

"तुम्हीच बघा ना वाजवून," अनुजा घाईने म्हणाली.

तेवढ्यात शेजारून जगदीशचा आवाज चढला. जाईबाई त्याच्या काकी. शिवडीला चल म्हणून तो गेला आठवडाभर त्यांची विनवणी करत होता. मग तो दारात आला, घामाघूम, केसांत जळमटं.

"अनु, जरा येतेस? तुझं ऐकेल ती. सगळ्यांच्या खोल्या खाली झाल्या, ही उठायला तयार नाही. उद्या पाणी तोडतायत, काय करू मी?"

बुद्धभूषणला बसायला सांगून अनुजा त्याच्यामागे गेली.

जाईबाईंची खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भिंतीला लावलेली लाकडी खाट तेवढी होती आणि खाटेवर पाय वर घेऊन त्या बसल्या होत्या. उशाजवळ, फळीच्या खाचेत, एक उदबत्ती जळत होती आणि खाली जास्वंदीचं ताजं फूल होतं. तिथलीच एक फळी खोबरेल तेलाने काळी, गुळगुळीत झाली होती. डोकं टेकून टेकून होते तशी. अनुजाने मनातल्या मनात अंदाज घेतला. ती फळी कपाटाच्या बरोबर पाठीमागे होती.

"काकी," जगदीश त्यांच्या कानाशी ओरडला, "अनु आलीय! सांग तिला, का नाही येत ते!"

जाईबाईंनी अनुजाला जवळ बसवलं आणि फळीवर तळवा ठेवला.

"हयसर राखणदार रवता," त्या हळूच म्हणाल्या. "सांजेक माझ्याशी बोलता. कानान माका कायच आयकाक येत नाय, पण तो बोललो की माझ्या डोक्यात उजेड पडता. तेका एकट्याक सोडून मी खंय जाव?"

"आमच्या गावच्या वेशीवर आहे राखणदार," जगदीश कपाळाला हात लावून म्हणाला. "जागेची राखण करतो म्हणतात. तो मुंबईत कशाला येईल मरायला?"

जाईबाईंचं आपलं चालूच होतं. "शिमग्याक आणि चवथीक तो पण गावाक जाता. तेव्हा भिंत गप असता."

शिमग्याला आणि गणपतीत अनुजाही गावाला जात असे. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं ज्या भिंतीआड ती कुणी ऐकत नाही म्हणून निर्धास्त चुकत होती, त्या भिंतीला कुणीतरी रोज फूल वाहत होतं. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. खरं सांगावं तर म्हातारीचा देव जातो. न सांगावं तर म्हातारी पाडायच्या चाळीत बसून राहते.

"मी गाऱ्हाणा घालतंय," जाईबाई म्हणाल्या. "तो येतंय म्हणालो तर मी येतंय. गप रवलो तर माझा नाव काढू नको. जगग्या, हात जोड."

जगदीशने मुकाट्याने हात जोडले. जाईबाईंनी भिंतीकडे वळून फळीला कपाळ टेकवलं आणि एरवीच्या कापऱ्या आवाजाला न शोभेल अशा खणखणीत स्वरात त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा, आज तुझी लेकरा ही जागा सोडून चललीत..."

"व्हय महाराजा," जगदीश म्हणाला.

"लेकरांबरोबर तूय येवचो असशीत तर आत्ताच्या आत्ता बोल, रे महाराजा!"

"व्हय महाराजा."

अनुजा उठली आणि आपल्या खोलीकडे धावली.

बुद्धभूषणने गिटार पिशवीत भरली होती आणि तो चेन लावत होता. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, गिटार बाहेर काढली आणि जमिनीवर बसून तिची मान कपाटाला टेकवली. तो बघत उभा होता. तिचे हात गार पडलेच. पण भिंतीपलीकडे एक म्हातारी हात जोडून बसली होती, आणि तिला ताटकळत ठेवणं अनुजाला जमणारं नव्हतं.

तिने जाड तार सोडली. कपाट घुमलं. मग ती नेहमीचीच चाल, सावकाश, एकामागून एक. दुपारचं पिवळं ऊन जमिनीवर पडलं होतं, ते जागच्या जागी डुलतंय असं तिला वाटलं. उतरती ओळ आली आणि तिचं बोट त्याच जागी अडखळलं. ती थांबली नाही. शेवटच्या सुरापर्यंत गेली आणि तारेवर तळवा ठेवून तिने तो विझवला.

पलीकडून जाईबाईंचा आवाज आला. "जगग्या, खाट उचल!"

बुद्धभूषण दाराशी गेला, चपला पायांत सरकवता सरकवता थांबला.

"विकू नका," तो म्हणाला. "बहिणीला मी दुसरी शोधतो."

शिवडीच्या इमारतीत जाईबाईंना अनुजाच्या शेजारची खोली मिळाली. तसा हट्टच धरला होता त्यांनी. पण मधली भिंत सिमेंटची. पहिल्याच संध्याकाळी अनुजाने गिटार टेकवून पाहिली. भिंतीने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. जाईबाई त्या मुक्या भिंतीशी उदबत्ती लावून बसल्या असतील, हा विचार तिला घास गिळू देईना. आपण त्यांना फसवून इथे आणलं, असं तिला वाटत राहिलं. शेवटी ती गिटार घेऊनच त्यांच्या दारात उभी राहिली. सगळं सांगून टाकायचं ठरवून.

खोलीत उदबत्ती नव्हती. फूलही नव्हतं. जाईबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. गिटार दिसताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या आडव्या झाल्या.

"दोन दिस खंय होतंस?" खाटेच्या लाकडी माथ्यावर बोटाने ठोकत त्या म्हणाल्या. "हयसर टेकव."

अनुजा दाराशीच थिजली. "तुम्हाला... माहीत होतं?"

ऐकू गेलं नसलं तरी तिच्या तोंडावरचा प्रश्न जाईबाईंनी वाचला.

"पयल्यान राखणदारच वाटलो माका. फूल घातलंय, उदबत्ती लावलंय." त्यांचे डोळे बारीक झाले. "पण राखणदार रोज त्याच जाग्यार अडाकता काय गो?"

"मग त्या दिवशी गाऱ्हाणं..."

"तू ती विकूक काढलंस म्हणून तुझ्या आवशीन सांगल्यान. मग मी काय करतलंय? माका दुसरा काय आयकाक येता?"

अनुजा खाली बसली. गिटारची मान तिने खाटेच्या माथ्याला टेकवली आणि तार सोडली. जुनं लाकूड घुमलं. जाईबाईंनी मान जराशी वळवून डोकं नीट टेकवलं. खिडकीतून बंदराकडचा वारा येत होता आणि लसणाच्या साली खोलीभर हळूहळू तरंगत होत्या. उतरती ओळ जवळ आली तसं जाईबाईंच्या ओठांच्या कडांना हसू फुटू लागलं.

अनुजाचं बोट त्याच जागी अडखळलं. तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"व्हय महाराजा," जाईबाई डोळे मिटून म्हणाल्या.