सगळ्यांच्या दारातला कुत्रा

पहिलीच्या वर्गातल्या बाकांवर मोठी माणसं बसली की त्यांचे गुडघे कानांशी येतात. धीर मंडळाची सभा दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तिथेच भरायची, कारण शाळेतली तेवढी एकच खोली फुकट मिळत होती आणि तिची किल्ली माझ्याकडे होती. त्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, पण किल्ली परत मागायची कुणाला आठवण झाली नाही.

मंडळ कसलं, तर ज्यांची मुलं लष्करात भरती होऊन दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला छावणीत गेली होती, अशा आईबापांना धीर देणारं. छावणीत पहिल्याच दिवशी मुलांचे फोन काढून घेतात. आठवड्याला मुलाचं एक पत्र येतं, घरचं एक पान जातं, संपलं. मुलं तिकडे चिखलात रांगतात आणि हातपाय इकडे आईबापांचे गळतात.

मंडळ काढलं ते दातांच्या दवाखान्यात नंबर लावून घेणाऱ्या एका बाईंनी. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी हे प्रशिक्षण पुरं करून आता कुठल्याशा लष्करी गोदामात ब्लँकेटं मोजत होता. पण आईचं बोलणं ऐकावं तर वाटे, एखादी लढाई त्यांनीच जिंकून आणलीय, आणि तीही जेवणाच्या सुट्टीत. लोक त्यांना पाठीमागे सेनापती म्हणू लागले. त्यांच्या कानावर ते गेलं आणि त्यांना इतकं आवडलं की पुढे सगळ्यांना तोंडावरही म्हणावं लागलं.

सेनापतींच्या गळ्यात शिट्टी असे. "रडायला पाच ते पाच दहा," त्या म्हणायच्या. "शिट्टी झाली की डोळे कोरडे. आपण ढिले पडलो तर मुलं ढिली पडतील!" मग आईबाप घड्याळाकडे बघत घाईघाईने रडून घेत. बसचा ड्रायव्हर सर्वात जास्त मनावर घेणारा. मुलगा तिकडे पहाटे उठून धावतो म्हणून हाही डेपोभोवती धावायला लागला. चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली. तेव्हापासून तो पाठीला उशी लावून बस चालवत होता आणि मुलगा मात्र ठणठणीत होता.

या सगळ्यांत शिंपी कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसून असायचा. त्याला मी पहिलीत शिकवलं होतं, तेव्हाही तो तिथेच बसायचा. त्याची लेकही माझ्या हाताखालून गेली. एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी भरतीत निवडली गेली तेव्हा शिंपी कुणाच्या तरी कोटाची बाही लावत होता. तोंडात टाचण्या धरूनच तो म्हणाला, "गेलीस तर या दारात परत पाय ठेवायचा नाही." तोंडात टाचण्या असताना माणसाने बोलू नये, एवढं तरी त्याला धंद्याने शिकवायला हवं होतं. ती गेली. तो मशीनवरून उठला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने रागारागाने आपलं दुसरं मशीन तिच्या खोलीत हलवलं. तेव्हापासून त्याची बायको त्याच्याशी फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलत होती.

बायकोनेच त्याला मंडळात ओढत आणलं. भिंगरीची पत्रं येत, ती आईच्या नावाने. शिंप्याला लिहायचं होतं. पण काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते लिहवत नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी सेनापतींनी फर्मान काढलं. "तुमच्या पत्रांनी मुलं खचतात. कुणी लिहितं आजी पडली, कुणी लिहितं गीझर बिघडला. तिकडे त्यांनी बंदूक धरायची की तुमचा गीझर? बाई, एक आनंदी नमुना लिहून द्या फळ्यावर."

मीही शहाणी. खडू दिसला की माझा हात शिवशिवतो. लिहिलं:

"प्रिय बाळा, आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा आम्हाला फार अभिमान वाटतो. घरची काळजी करू नकोस. आपला कुत्रा रोज दारात बसून तुझी वाट पाहतो. मन लावून शिक."

कुत्रा मी उगीच घातला. चौतीस वर्षांत कुत्र्याशिवाय एक निबंध माझ्या हातून गेला नाही. मला वाटलं, ज्याचं त्याने आपापलं घालावं, म्हणजे झालं. पण ते मी बोलले नाही. आणि खोलीतले निम्मे लोक माझेच विद्यार्थी. त्यांना मी वर्षानुवर्षं काय शिकवलं? फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवा, मनाचं काही घालू नका. सगळ्यांनी माना खाली घालून उतरवलं. शिंप्याचं अक्षर तर असं सुबक, की मी त्याची पाठ थोपटली.

पुढच्या मंगळवारी तो वेळेआधीच येऊन वर्गाच्या दारात उभा होता. हातात एक पाकीट. या खेपेला त्यावर त्याचं नाव होतं.

"बाई, वाचा."

"तू वाचलंस ना?"

"वाचलं. तुम्ही वाचा."

भिंगरीने लिहिलं होतं: "बाबा, आमच्या खोलीत बारा मुली आहेत. या आठवड्यात सात जणींच्या दारात कुत्रा बसलाय. आम्ही हसून हसून लोळलो, मग तीन जणी रडल्या. तुम्ही तर कुत्रा दिसला की रस्ता ओलांडता. हे तुमचं पत्र नाही, कुणीतरी लिहून दिलेलं आहे. शनिवारी आम्हाला एकेकीला बोलावून विचारणार आहेत, राहायचं की घरी जायचं. इथे कठीण आहे, पण त्याचं काही नाही. रात्री एकच डोक्यात येतं, की मला परत जायला जागा नाही. तसं असेल तर मी इथे हट्टाने राहीन आणि मोडेन. बाबा, दार उघडं आहे का बंद, तेवढंच कळवा."

शनिवारला चार दिवस होते आणि पत्र पोचायला दोन दिवस लागत. शिंपी बाकावर बसला, गुडघे कानांशी घेऊन.

सेनापती आल्या, त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. "दाराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "दार उघडं आहे लिहिलंत की शनिवारी पोरगी बॅग घेऊन हजर. नमुन्याप्रमाणे लिहा. मजेत आहोत, अभिमान वाटतो."

"आणि कुत्रा?" शिंप्याने विचारलं.

"कुत्रा नका घालू हवं तर."

"सेनापती," ड्रायव्हर उशी सावरत म्हणाला, "माझ्या पोरानेही विचारलंय, कुत्रा कधी आणला म्हणून. आता आणावा लागतोय बहुतेक."

"तुमचं नंतर!" सेनापतींनी शिट्टी वाजवली. पाच वाजून तीनच मिनिटं झाली होती. रडायला बसलेले लोक गोंधळले.

शिंपी माझ्याकडे बघत होता. पहिलीतलं पोर गणित अडलं की बघतं, तसंच. मी फळ्याकडे गेले आणि फडक्याने नमुना पुसला. एक आठवडा तो तसाच होता. वर्गावरच्या नव्या बाईंना आणि शिपायालाही तो बोधवाक्य वाटला असावा.

"मी शिकवलं ते चुकीचं होतं," मी म्हटलं. "आज फळ्यावर काही नाही. तुझं तू लिही."

"बाई, शिस्त—" सेनापती म्हणाल्या.

"त्याची मुलगी त्याला विचारतेय, तुम्हाला नाही. तुम्ही दवाखान्यात दुसऱ्याच्या नंबरावर कुणाला आत सोडता का?"

त्यांनी तोंडाशी नेलेली शिट्टी न वाजवताच खाली सोडली. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

शिंप्याला तीन ओळींना वीस मिनिटं लागली. कागद त्याने माझ्यापुढे धरला. "तुझ्या खोलीत मी रागाने मशीन ठेवलं होतं. आज घरी जाऊन ते काढतो. दार उघडं आहे, तू राहिलीस तरी आणि आलीस तरी, आणि टाचण्या तोंडात धरून मी आता बोलणार नाही." तीन ओळींत पाच चुका होत्या. लाल पेन माझ्या पर्समध्ये होतं. ते तिथेच राहिलं. त्याची बायको कागद वाचून म्हणाली, "मशीनची एक बाजू मी धरते." महिन्याभरात जेवणाव्यतिरिक्त ती त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. दोघं पत्र टाकायला सभा सोडून गेले.

शनिवार गेला. भिंगरी घरी आली नाही. सोमवारी पत्र आलं: "मी राहिले. परत येता येतं म्हटल्यावर परत यायची घाई उरली नाही. पुढचं पत्रही असंच पाठवा, चुकांसकट."

मंगळवारी सेनापतींनी ते मंडळापुढे असं वाचलं, जणू भिंगरी त्यांनीच छावणीत रोखून धरली होती. "पाहिलंत? मंडळाचं यश!" मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. शिंप्याच्या तीन ओळींच्या झेरॉक्स. ओळी त्यांनी त्याच्या बायकोकडून तोंडी घेऊन स्वतःच्या हाताने शुद्ध करून लिहिल्या होत्या. "हा नवा नमुना. प्रत्येकाने एकेक घ्या."

माणसं माना खाली घालून उतरवू लागली. मी बाकांमधून फिरत होते. ड्रायव्हर पेन चावत बसला होता.

"बाई, आमच्याकडे शिलाई मशीन नाही. ही ओळ ठेवू का?"

"तुझ्या मुलाच्या खोलीत काय आहे?"

त्याने मान वर केली नाही. पानाकडे बघतच हळूच म्हणाला, "काही नाही. तो गेल्यापासून मीच झोपतो तिथे. त्याच्या उशीवर. बसमध्ये असते ती तीच उशी."

"मग तेच लिही."

त्याला ते पटलं. खरंच पटलं. त्याने कोरं पान उघडलं, वरती तारीख घातली, समास आखला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"बाई, फळ्यावर लिहून देता?"