स्वस्तातली बंदूक

"स्वस्तातली? कुणी सांगितलं तुला स्वस्तातली घ्यायला?"

विश्वासरावांच्या हातातला घास परत ताटात गेला. समोर बसलेली इरा गडबडली. आपण एवढं काय वावगं बोललो, ते त्या सोळा वर्षांच्या पोरीला कळेना.

"आजोबा, बजेट मॉडेल आहे ते. टीममध्ये खूप जणींकडे तेच आहे. ओके वन, लाह."

"तुमचं ते सिंगापुरी लाह-बिह मला सांगू नकोस. बंदूक घ्यायची तर उत्तमातली घ्यायची, नाहीतर मुळीच घ्यायची नाही. काय गं सुनू?"

सुनूनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं आणि इराच्या आईनं, सुनेत्रानं, नवऱ्याकडे पाहिलं. सारंग मान खाली घालून कोशिंबिरीतले दाणे शोधत होता. बरोबरच आहे, जावयानं अशा वेळी दुसरं काय करायचं? सुनेत्रानं इराला चांगलं बजावून ठेवलं होतं, की आजोबा साताऱ्याला परत जाईपर्यंत पिस्तुलाचा 'प' काढायचा नाही. पण पोरांच्या पोटात काही राहतं का!

खरं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कुणाच्या शाळेत खो-खो असतो तशी इराच्या शाळेत नेमबाजी होती. हवेवर चालणारं पिस्तूल, मुगाएवढे छर्रे आणि समोर कागद. आता तिला स्वतःचं पिस्तूल हवं होतं. सिंगापुरात असली वस्तू घरात ठेवायची सोयच नाही. परवाना, क्लबचं सभासदत्व, सगळं रीतसर करायचं आणि ती कायम क्लबच्या कुलपात. पासिर रिसचा हा फ्लॅट तिच्या दृष्टीसही पडणार नव्हता. प्रश्न इतकाच होता, की साधं घ्यायचं की भारी. परीक्षा संपल्यावर पोरगी खेळेल की सोडून देईल कुणास ठाऊक, तेव्हा साधंच घ्यावं असं सारंगचं म्हणणं, आणि ते शहाणपणाचंच होतं.

पण हे शहाणपण विश्वासरावांना सांगणार कोण?

विश्वासराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा साताऱ्याच्या एका बँकेत रखवालदाराची जागा होती. अट एकच, बंदूक स्वतःची पाहिजे. दुकानात दोन होत्या. एक नावाजलेल्या कारखान्याची आणि दुसरी कुठल्याशा लहान कारखान्यातली, साधी एकनळी. त्यांनी साधी घेतली. पुढे नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून त्यांच्या थोरल्या लेकीनं, उल्कानं, ती पुसायला मांडीवर घेतली आणि बार उडाला. उल्का एकोणीस वर्षांची होती. चौदा वर्षांची सुनेत्रा तिच्यासमोर बसून झेंडूची फुलं ओवत होती.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं विश्वासराव एकच बोलत आले. "स्वस्तातली घेतली तिथंच चुकलं. घोडाच बाद होता तिचा, आपोआप पडला." भेटायला आलेल्यांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, पुढं लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा सांगितलं. नातेवाईक ऐकून ऐकून विटले. सुनेत्राची आई सरोजिनीबाई मात्र कधी विटल्या नाहीत. दर वेळी हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "हो ना, वाईटच निघाली मेली." त्या वारल्या, तेव्हा हे 'हो ना' सुनेत्राकडे आलं. ती सिंगापूरहून फोनवर 'हो ना' म्हणे, आणि पलीकडे बाबांचा श्वास जरा सैल पडल्याचं तिला ऐकू येई.

त्या घरातून उल्का गेली तसा एक शब्दही गेला. 'रिकामं.' उल्काचं शेवटचं बोलणं तेच होतं. "घाबरतेस काय भित्रे, रिकामी आहे!" त्या दिवसापासून घरातले डबे रिकामे व्हायचे थांबले, ते मोकळे होऊ लागले. हंडा मोकळा, एसटी मोकळी, पोट मोकळं. कुणी ठरवलं नव्हतं, पण ती जागा ठसठसत असल्यासारखे सगळे तिला वळसा घालून बोलत. सुनेत्रा लग्न करून इथं आली, चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या नोकरीला लागली, तरी तिची जीभ तो शब्द उच्चारेना. इरा तर 'मोकळं' ऐकतच वाढली. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या वर्गात तिनं "औषध मोकळ्या पोटी घ्यावे" असं लिहिलं, तेव्हा तिथल्या बाई पोट धरधरून हसल्या. घरी सांगताना इराही हसत होती. सुनेत्रा उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

"मी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही," विश्वासराव हात धुऊन आले आणि म्हणाले. "शनिवारी मला घेऊन चला तुमच्या त्या क्लबात."

इरा खूश झाली. सुनेत्रा ताटं उचलायला लागली.

भांडी आवरताना सारंग हळूच म्हणाला, "अगं, येऊ दे की त्यांना. एकदा डोळ्यांनी बघतील आणि शांत होतील."

"शांत?" सुनेत्रा नळाच्या आवाजाआड बोलली. "तिथं जाऊन त्यांना पटलं की साधी बंदूकही धड असते, तर मग ते कुणाला दोष देतील, सारंग?"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. घोडा आपोआप पडला नव्हता. घोड्याखालचं तेल पुसायला उल्कानं तो अंगठ्यानं मागं ओढला, आणि तेलकट अंगठा सटकला. सुनेत्रानं ते समोरून पाहिलं होतं. पण त्याही आधी उल्कानं हाक मारून विचारलं होतं, "बाबा, बघितलीय ना?" आणि ड्यूटीवरून घाईघाईत आलेल्या बाबांनी न्हाणीघरातून, अंगावर पाणी घेता घेता ओरडून सांगितलं होतं, "रिकामी आहे, घे!"

आईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. सुनेत्रानं ऐकलं होतं. बोलणाऱ्यानं तर ऐकलंच होतं. तिघांना ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणीही ते कधी तोंडातून काढलं नाही. त्या बंदुकीच्या स्वस्ताईवर बाबा उभे होते. ती काढून घेतली की म्हातारा माणूस कोसळणार, याबद्दल सुनेत्राला तिळमात्र शंका नव्हती. आणि राग? राग येत नव्हता असं नाही. कधी कधी एमआरटीच्या गाडीत दांडीला धरून उभी असताना कानाशी कुणीतरी स्पष्ट 'भित्रे' म्हणे, आणि मग तिला बाबांचा इतका राग येई की स्टेशन निघून गेलेलं कळत नसे.

शनिवारी तिघं एमआरटीनं निघाली. क्लब बेटाच्या दुसऱ्या टोकाला. विश्वासराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ न टेकता बसले होते. इराची बडबड चालली होती. सुनेत्रा लेकीकडे बघत होती. ही पोरगी नेम धरल्यासारखा एक डोळा बारीक करून बोलते, अगदी उल्कासारखी. आणखी तीन वर्षांनी ती उल्काएवढी होईल, हे सुनेत्राच्या मनात आलं आणि तिनं घाईनं खिडकीबाहेर पाहिलं.

क्लबात कोच मिसेस लिम भेटल्या. केस पांढरे, आवाज खणखणीत. "अंकल, एक्स-आर्मी? गुड, गुड! कम."

टेबलावर दोन पिस्तुलं मांडलेली होती, एक भारी आणि एक साधं. विश्वासरावांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि वाकून पाहू लागले. साध्यापाशी फार वेळ थांबले. त्याचा जोड बघितला, मूठ बघितली, चाप बघितला. कुठं सैल, कुठं भेग, कुठं ओबडधोबड काही सापडावं म्हणून तो माणूस जीव तोडून शोधत होता. सापडू दे रे देवा, असं सुनेत्रा मनात म्हणत होती. लेकीच्या पिस्तुलात खोट निघावी म्हणून देवाला साकडं घालणारी आई कुणी पाहिली आहे का? पण ती घालत होती खरी.

"उडव बघू," ते म्हणाले.

इरानं साध्या पिस्तुलानं कागदावर नेम धरला. फट्, फट्. आवाज टिचकीएवढा, तरी दर आवाजाला बापलेकीचे खांदे एकदमच उडत होते. कागद सरकत परत आला. विश्वासरावांनी चष्मा लावला. सगळी भोकं मधोमध, एकमेकांना चिकटून होती.

"ही साधीची?"

"हो, आजोबा! सी? आय टोल्ड यू."

मिसेस लिमनी पिस्तुलाची नळी उघडून आत पाहिलं, मग इराला पाहायला लावलं आणि तिच्यातून एक लांब केशरी दोरी ओवली. दोरीचं टोक पुढून लोंबायला लागलं.

"व्हाय धिस?" विश्वासरावांनी फौजी इंग्रजीत विचारलं. "ओन्ली फॉर चीप वन?"

"नो, अंकल!" मिसेस लिम हसल्या. "चीप वन, एक्स्पेन्सिव्ह वन, सेम-सेम. गन इज गन. मस्ट चेक युवरसेल्फ, एव्हरी टाइम."

विश्वासराव त्या दोरीकडे बघत राहिले. त्यांना समजलं नाही असं वाटून इरानं मराठीत सांगितलं, "म्हणजे आजोबा, ती मोकळी आहे हे सगळ्यांना दिसायला."

"रिकामी," विश्वासराव म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत तो शब्द सुनेत्रानं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"रिकामी म्हणायचं, बाळा. बंदुकीला मोकळी म्हणत नाहीत. आणि दुसऱ्या कुणी रिकामी आहे म्हणून सांगितलं, तर ऐकायचं नाही. बापानं सांगितलं तरी ऐकायचं नाही. आपण बघायचं."

"आय नो, आजोबा. फर्स्ट रूल."

"हां. पहिला नियम," ते म्हणाले. "आम्हालाही पहिल्याच दिवशी शिकवला होता."

परतीच्या गाडीत ते सरळ समोर बघत बसले होते. गर्दी ओसरली. त्यांच्या शेजारची जागा सुटली, तरी सुनेत्रा तिथं जाऊन बसली नाही. का ते तिलाही सांगता आलं नसतं. पासिर रिसपर्यंत ती त्या जागेकडे पाहत उभीच राहिली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर सारंगनं मोकळेपणानं विचारलं, "मग काय बाबा, पास की नापास? कुठली घ्यायची?"

विश्वासराव आमटीत बोट फिरवत होते. त्यांचा चेहरा एका दिवसात ओघळला होता. सुनेत्राला ते बघवेना. इरा काही बोलणार इतक्यात तीच घाईनं बोलून गेली.

"साधी नको. बाबा म्हणतात तेच बरोबर. स्वस्तातल्या वस्तूचा काय भरवसा? आपल्याकडची नाही का..." तिचा आवाज हुबेहूब आईसारखा निघाला. "वाईटच निघाली मेली."

"बट मम्मी! तू बघितलंस ना आज? दॅट्स नॉट फेअर!" इराचे डोळे भरून आले.

"सुनू," विश्वासराव म्हणाले.

"जेवा बाबा तुम्ही. वाईटच होती ती."

"नाही गं." त्यांनी मान हलवली. "चांगली होती बंदूक."

सुनेत्रानं घास ताटात ठेवला. सारंगला काहीच उमगलं नव्हतं, पण त्यानंही घास खाली ठेवला.

"घोडा चांगला होता. नळी चांगली होती. दणकट होती अगदी." ते थांबत थांबत बोलत होते. "तिच्यात काही एक खोट नव्हती. सरोजिनी उगाच माझ्यासाठी तिला शिव्या देत राहिली. आणि आता तू."

इतकी वर्षं सुनेत्राला हे त्यांच्या तोंडून हवं होतं. उल्काच्या वतीनं हवं होतं. आता ते मिळालं आणि तिला वाटलं, नको होतं बाई, मागं घ्या ते, बाबा.

विश्वासराव नातीकडे वळले. "घे तू तुला हवी ती. साधी घे."

"थँक यू, आजोबा," इरा पुटपुटली. आजोबा रडताहेत की काय ते तिला कळत नव्हतं. ते रडत नव्हते. ते ताटावरून उठलेही नाहीत. त्यांनी आमटीभाताचा एक घास केला, खाल्ला, दुसरा केला.

काहीतरी करायला हवं म्हणून सुनेत्रा उठली आणि आणखी भात वाढायला त्यांच्यापाशी गेली. बस्स, या अर्थी त्यांनी ताटावर हात आडवा धरला. ती थांबली. भात आता कुणी वाढत नव्हतं, तरी त्यांचा हात तसाच ताटावर आडवा राहिला.