अठ्ठ्याहत्तरच्या आत

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा द्यायला घरात माणसं होती किती? आईवडील कधीच गेलेले. मूलबाळ नाही. वहिनीला साखरेचा आजार, शिवाय तिचा रक्तगट जुळेना. उरली एक धाकटी बहीण, बेकरीत काम करणारी. तिचा रक्तगट जुळला, रक्ताच्या पुढच्या तपासण्याही जुळल्या, आणि तिला इतका आनंद झाला की तिने डॉक्टरांसमोरच दादाच्या पाठीत धपाटा घातला. मग डॉक्टरांनी तिला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं.

त्र्याण्णव किलो.

"तुमच्या उंचीला अठ्ठ्याहत्तरच्या आत यायला हवं," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या वर आम्ही दात्याला टेबलावर घेत नाही, तुमच्याच जिवाला धोका असतो. आधी वजन उतरवा, मग बाकीचं बघू."

"पंधरा किलोच ना?" ती म्हणाली. "उतरवते की. चार महिने द्या."

लहानपणी ती इतकी बारीक होती की घरात सगळे तिला काडी म्हणत. नाव तसंच राहिलं आणि काडी मात्र गेल्या तीन वर्षांत सुटत गेली. चाळिशी आली की असं व्हायचंच, असं भेटेल तो म्हणायचा, आणि तिलाही ते पटलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. बेकरीमागच्या गल्लीत एक खोली, पहाटे पाचला कणीक मळायच्या यंत्रापाशी, दुपारी दोनला मोकळी. आरशापुढे उभं राहायला तिला कधी फुरसतच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने साखर सोडली. लोणी, बटाटा, भात सोडला. सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी काकडी आणि कोबी, संध्याकाळी भाजीचं पातळ पाणी. दिवसभर भट्टीतून गरम पावांचे ट्रे काढायचे, त्या वासात उभं राहायचं आणि डबा उघडला की काकडी. दुपारी घरी न जाता ती शाळेच्या मैदानाला वीस फेऱ्या मारी. खोलीत दोरीवरच्या उड्या मारी, तर खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्याने छत ठोके. गुडघे सुजले. ती पट्टी बांधून चालू लागली.

एका महिन्याने काटा म्हणाला, ब्याण्णव पूर्णांक सहा. दुसऱ्या महिन्यात त्र्याण्णव पूर्णांक दोन. तिसऱ्या महिन्यात पुन्हा त्र्याण्णव.

डॉक्टरांनी तिला वही लिहायला सांगितली होती, तोंडात जाईल तो प्रत्येक घास त्यात लिहायचा. तिसऱ्या महिन्यात त्यांनी ती चाळली, मिटली आणि तिच्याकडे सरकवली.

"हे सगळं बरोबर असेल ना, तर तुमचं वजन उतरायलाच हवं होतं."

"बरोबरच आहे."

"लोक मुद्दाम खोटं लिहीत नाहीत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "विसरतात. येता-जाता एखादं बिस्कीट. तुम्ही बेकरीत काम करता..."

"मी बिस्किटाचा चुरासुद्धा चाखत नाही हो," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला चोराच्या आवाजासारखा वाटला.

बेकरीतही तेच. मालकीणबाई मायाळू, पण तोंडाला कुलूप नाही. "अगं, नुसत्या वासाने फुगतेयस की काय?" असं म्हणून हसायच्या. तीही हसायची. मग मागे पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसायची आणि हातांनी तोंड दाबून धरायची.

दादाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर घालत. चार तास तो नळ्या लावून पडून राही आणि बाहेर आला की पिळलेल्या फडक्यासारखा दिसे. पूर्वी तो बसगाड्यांची इंजिनं खोलून दुरुस्त करायचा, जॅक एका हाताने उचलायचा. आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसून घेई. बहिणीला मात्र तो वजनाबद्दल एका शब्दाने विचारत नसे. तेच तिला जास्त लागे.

विचारलं वहिनीने. चौथ्या महिन्याचं वजन झालं, त्र्याण्णव पूर्णांक चार, आणि दोघी मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. आत दादा झोपला होता.

"एक विचारू? रागावू नकोस," वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "तुला द्यायची आहे ना?"

"म्हणजे?"

"भीती वाटत असेल तर वाटू दे. मी तुला नावं ठेवणार नाही. पण मग तसं तोंडाने सांग. आम्ही किडनीसाठी वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव घालू, देवाच्या भरवशावर बसू. हे असं महिन्यामागून महिने झुलवू नकोस. तो संपत चाललाय, काडी."

बाक सोडून ती उठली आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला वाटतं मी चोरून खाते? दादा मरावा म्हणून खाते?"

"मग कसं उतरत नाही? सगळ्यांचं उतरतं!"

तोच प्रश्न ती रोज स्वतःला विचारत होती. कधीकधी तर तिला खरंच शंका येई, आपण झोपेत उठून खात असू का? तिने एकदा कपाटाच्या दाराला दोरा बांधून बघितला होता. सकाळी दोरा जागच्या जागी होता.

त्या दिवसापासून तिने खाणंच बंद केलं. पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ. दुसऱ्या दिवशी डोकं गरगरलं, तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. मैदानाच्या फेऱ्या तिने सोडल्या नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी ट्रे उचलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ट्रेसकट खाली गेली. शंभरेक बन फरशीवर घरंगळले. मालकीणबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणाला तरी साखरेचं पाणी आणायला पिटाळलं, आणि ते पाणी ओठाला लागताच ती तोंड फिरवून म्हणू लागली, "नको, नको, वजन वाढेल."

मालकीणबाईंनी नंतर कधीही चेष्टा केली नाही. त्यांनीच वहिनीला फोन केला.

वहिनी आली, तिचे चार कपडे पिशवीत भरले आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. माया होती, नाही असं नाही. पण तिच्यावर नजर ठेवायची हाही हेतू होताच, आणि वहिनीने तो लपवला नाही. "आता तू माझ्या हातचं खायचं. मी मोजून देईन तेवढंच. आणि तुझ्याबरोबर मीही चालेन. बघू कसं उतरत नाही."

स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर आला. वहिनी प्रत्येक गोष्ट तोलून ताटात घाले. खाण्याच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली वहिनीच्या गळ्यात. बेकरीत सुट्टी टाकली होती. दोघी सकाळ-संध्याकाळ तास-तासभर चालत. वहिनीला धाप लागे, पण ती मागे राहत नसे. अंघोळीला गेली तरी वहिनीचं लक्ष दाराकडे. अठ्ठावीस दिवस दोघी चोर-पोलिसासारख्या एकमेकींना बांधलेल्या होत्या.

एकोणतिसाव्या दिवशी वजन केलं. त्र्याण्णव पूर्णांक सात.

वहिनी काट्यासमोर वाकून आकडा बघत राहिली. काटा हलवला, पुन्हा चढायला सांगितलं. स्वतः चढून बघितलं. तिचं साडेतीन किलो उतरलं होतं. मग ती तिथेच फरशीवर बसली.

"तू खरं बोलत होतीस," ती म्हणाली. "सगळं खरं बोलत होतीस. आणि मी तुला..."

काडी भिंतीला टेकून उभी होती. खरं ठरल्याचं तिला काहीच वाटलं नाही. "आता काय करायचं हो?" एवढंच तिने विचारलं. "मला अजून काही सुचत नाही. तुम्ही सांगा ना काहीतरी."

त्या दुपारी वहिनी तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली. कितीतरी दिवस जवळून बघत होती, पण तिच्या ताटाकडे. आता प्रथमच तिने तिच्या अंगाकडे बघितलं. पाय बारीक, दंड तर पार वाळलेले. हातांवर निळे-काळे डाग.

"हे कुठे लागलं?"

"लागलं नाही. आपोआप येतात. नुसता ट्रे टेकला तरी येतो."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

वहिनीने तिचा सदरा वर केला. पोटावर बोटाएवढ्या रुंद जांभळ्या रेघा होत्या, आतून ओरबाडल्यासारख्या. वहिनीने हळूच त्यांवरून बोट फिरवलं. "ही चरबी नाही गं," ती म्हणाली. "चरबी असती तर हातापायांवर नसती का आली? ऊठ. कपडे घाल."

डॉक्टरांच्या खोलीत वहिनीने त्यांना बोलूच दिलं नाही. "महिनाभर किल्ली माझ्या गळ्यात होती," असं म्हणून तिने डाग दाखवले, रेघा दाखवल्या. डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी डाग निरखले, तिचा गोल लालसर चेहरा उजेडाकडे वळवून बघितला, आणि परत खुर्चीत बसले.

"हे मला आधीच दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "मी फक्त काटा बघत होतो."

रक्त सकाळी घेतलं, संध्याकाळी घेतलं. दिवसभराची लघवी बाटलीत जमा केली. पोटाचा स्कॅन झाला. निदान व्हायला दहा दिवस लागले. प्रत्येक किडनीच्या वर एक छोटी ग्रंथी असते. तिच्या डाव्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. ती गाठ नको तितका स्राव रक्तात सोडत होती, आणि म्हणून ती उपाशी राहो की पळो, अंग काही ऐकत नव्हतं. गाठ साधी होती. ती काढली की हळूहळू सगळं जागेवर येईल, डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे वजन उतरेल?" तिने विचारलं. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "अठ्ठ्याहत्तरच्या आत?"

"उतरेल. वर्षभर तरी लागेल. पण किडनी तुम्हाला देता येणार नाही."

"का?" तिने विचारलं.

"तुमचं ब्लड प्रेशर या गाठीने बिघडवलंय. ऑपरेशननंतर वर्षभर गोळ्यांवर राहाल. अशा माणसाची किडनी आम्ही घेत नाही."

"पण डॉक्टर, गाठ काढायला तुम्ही पोट उघडणारच ना?" ती पुढे सरकली, टेबलाची कड धरून. "किडनी तिथेच आहे म्हणालात. अगदी खाली. मग हात घातलाच आहे तर त्याच वेळी काढून घ्या की. मी सही करते. माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी लिहून देते."

"असं नाही करता येत."

"का नाही? माझीच आहे ना?"

वहिनीने तिचे हात टेबलावरून सोडवले. एकेक बोट करून सोडवावे लागले.

दादाला घरी गेल्यावर सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने डोळे मिटले, आणि इतका मोठा श्वास सोडला की दोघी घाबरल्या.

"मला वाटत होतं मीच तुला उपाशी मारतोय," तो म्हणाला. "रोज वाटायचं म्हणावं, पुरे कर, जेव. पण जगावंसं वाटायचं गं मला. म्हणून गप्प बसायचो."

ती त्याच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुईने सुजलेला तो हात कापसासारखा हलका लागला.

ऑपरेशन नीट झालं. तो दादाचा मशीनचा दिवस होता, त्यामुळे वहिनी दिवसभर दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमध्ये धावत होती. नंतरच्या वर्षात वजन आपोआप उतरू लागलं. काही न करता, दोन वेळा पोटभर जेवून. डाग गेले, चेहरा निमुळता झाला. बेकरीत येणाऱ्या बायका काउंटरवर वाकून विचारू लागल्या, "काय केलंस गं? आम्हालाही सांग की डाएट!" ती पाव कागदात गुंडाळायची आणि म्हणायची, "काही नाही, आजारी होते." कुणाचा विश्वास बसत नसे.

दादाचं नाव यादीत आहे. अजून फोन आलेला नाही. मशीनचे तीन दिवस चालूच आहेत, आणि आता जिना चढायला त्याला दोन्ही बाजूंनी धरावं लागतं.

ती दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. परवा काट्याने शहात्तर दाखवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ब्लड प्रेशर बघितलं, गोळ्यांचा डोस कमी केला. जाताना तिने दारात थांबून विचारलं, "आता?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"बरं. पुढच्या वेळी परत विचारीन."

बाहेर बाकावर वहिनी होती. तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. दोघी तिथे बसून राहिल्या. आत दादाचे अजून दोन तास बाकी होते.